सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेला संगणक

बारामती-इंदापूर पट्ट्यातला माणूस मापाच्या बाबतीत भलता सावध असतो. असावंच लागतं. ऊस कारखान्यावर गेला की काट्यावर वजन होतं, दूध संस्थेत गेलं की फॅट लागतं, आणि या दोन आकड्यांवर वर्षाचं घर चालतं. त्यामुळे काटा किती खरा आणि फॅट मशीन किती खरं, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा गप्पांचा आणि भांडणांचा विषय. पण याच माणसाच्या आयुष्यात मोजमापाचं तिसरं एक यंत्र येतं आणि त्याच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. ते म्हणजे पीयूसीचं यंत्र. पेट्रोल पंपाच्या कडेला उभी असलेली व्हॅन किंवा टपरी, आत एक धुळकट डबा, डब्यातून निघालेली काळी रबरी नळी. नळी सायलेन्सरमध्ये घालायची, पैसे द्यायचे, कागद खिशात टाकायचा. त्या कागदावरचे आकडे वाचणारा माणूस मी तरी क्वचितच पाहिलाय.

आज त्या डब्याचा इतिहास सांगायचा बेत आहे. माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे कुठल्याही डब्याच्या आत कोणता संगणक बसलाय आणि तो काय ठरवतोय हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि हा डबा दिसतो तितका साधा नाही.

बारामतीच का, असं कुणी विचारेल. तर एमएच-४२ हा बारामतीचा क्रमांक, इंदापूरच्या गाड्यांवरही तोच असतो. बारामतीच्या एमआयडीसीत १९९९ पासून पियाजिओची आपे रिक्षा तयार होते आणि २०१२ पासून तिथेच व्हेस्पा स्कूटर. दोन्ही तालुक्यांत मिळून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी असे साखर कारखाने. आणि उसापासून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. म्हणजे गाडी इथे बनते, तिच्या इंधनाचा एक भाग इथल्या शिवारात उगवतो, आणि तिचा धूर इथेच मोजला जातो. तिन्ही गोष्टी एका एसटीच्या तिकिटात बघायला मिळाव्यात अशी ठिकाणं फार नाहीत :)

न दिसणारा धूर

धूर मोजायला यंत्र कशाला, डोळ्यांना दिसतोच की! डिझेलचा काळा धूर दिसतो, खरं आहे. पण पेट्रोलच्या गाडीतून निघणारा सगळ्यात घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाही, वास नाही. हवेच्या दर दहा लाख भागांत याचे सोळाशे भाग झाले तर दोनेक तासांत माणूस दगावू शकतो, आणि मरताना त्याला कळतही नाही. म्हणजे जो धूर दिसत नाही तोच मोजायची खरी गरज.

या मोजणीची पहिली किल्ली १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलच्या हाती लागली. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत, पण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे वायू मात्र ते किरण शोषून घेतात, हे त्याने प्रयोगाने दाखवलं. उष्णतेचे किरण म्हणजे अवरक्त किरण, इन्फ्रारेड. पुढे असं लक्षात आलं की प्रत्येक वायूची या किरणांत आपापली आवडनिवड ठरलेली असते. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण खातो, कार्बन मोनॉक्साइड ४.६ ते ४.७ च्या आसपासचे, आणि न जळलेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन, ३.४ च्या आसपासचे. नळीत वायू भरा, एका टोकाला दिवा लावा, दुसऱ्या टोकाला कोणता प्रकाश किती कमी झाला ते बघा. झालं काम.

आता हे सांगायला सोपं. पण नेमकी ४.६ मायक्रॉनचीच चाळणी आणायची कुठून? जर्मनीत आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत एर्विन लेरर आणि कार्ल फ्रिडरिश लुफ्ट यांनी १९३८ मध्ये यावर अफलातून तोडगा काढला. त्यांनी दोन समांतर नळ्या घेतल्या. एकीत मोजायचा वायू, दुसरीत नुसता नायट्रोजन. दोन्हींतून सारखाच अवरक्त प्रकाश सोडला. आणि पलीकडच्या टोकाला जे दोन बंद कप्पे ठेवले त्यांत भरला तोच वायू, जो मोजायचाय. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा तर कप्प्यात कार्बन मोनॉक्साइडच. तो स्वतःच्या आवडीचेच किरण खाणार, बाकीच्यांकडे बघणारही नाही. नमुन्याच्या नळीत किरण आधीच खाल्ले गेले असतील तर त्या बाजूचा कप्पा कमी तापणार, दाब कमी होणार, आणि दोन कप्प्यांमधला पातळ धातूचा पडदा थोडासा सरकणार. ते सरकणं विजेच्या भाषेत मोजायचं. चोराची पारख करायला चोरच बसवला, असं म्हणा ना! हा सगळा कारभार कोणत्याही संगणकाविना चालायचा. निकाल कागदाच्या पट्टीवर पेनने उमटायचा.

हे यंत्र होतं रासायनिक कारखान्यांसाठी. गाडीच्या सायलेन्सरपाशी ते आलं लॉस एंजलिसमुळे. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की त्या शहरावरचं डोळे चुरचुरवणारं धुकं मुख्यतः गाड्यांच्या आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून तयार होतं. मग गाड्यांचा धूर मोजणं आलं. जपानमध्ये होरिबा कंपनीने साठच्या दशकात यासाठी जे यंत्र काढलं त्याचं मूळ तर आणखी मजेदार आहे. माणसाचा श्वास तपासायच्या वैद्यकीय उपकरणावरून ते बेतलेलं होतं. आजही जगातल्या वाहन प्रयोगशाळांत या कंपनीची यंत्रं दिसतात.

काट्याकडून संगणकाकडे

सत्तरच्या दशकातल्या गॅरेजमधल्या यंत्रावर घड्याळासारखी तबकडी असायची आणि तिच्यावर थरथरणारा काटा. इथेच खरी गोम होती. काटा तीन आणि साडेतीनच्या मध्ये नाचत असेल तर कोणता आकडा लिहायचा? जो मेकॅनिक वाचणार तोच लिहिणार, आणि गिऱ्हाइकही त्याचंच. यंत्र अचूक असून उपयोग काय, वाचणारा हात सैल असेल तर?

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियात गाड्यांची सक्तीची धूरतपासणी सुरू झाली तेव्हा यावरचा उपाय नियमातच घातला गेला. यंत्रात मायक्रोप्रोसेसर हवा, पास-नापास त्यानेच ठरवायचं, कॅलिब्रेशनची वेळ टळली तर यंत्राने कामच नाकारायचं, आणि निकालाची नोंद यंत्रानेच ठेवायची. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण. संगणक आला तो गणित अवघड होतं म्हणून नव्हे (तेही होतं म्हणा), तो आला माणसाच्या हातातून पेन्सिल काढून घ्यायला.

आपल्याकडे १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम लागू झाले. त्यातल्या ११५ क्रमांकाच्या नियमाने पीयूसीला जन्म दिला. गाडी नुसती चालू ठेवून, म्हणजे आयडलिंगला, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दुचाकी-तीनचाकीला साडेचार टक्के आणि चारचाकीला तीन टक्के. साडेचार टक्के म्हणजे दहा लाखांत पंचेचाळीस हजार भाग. वर सोळाशेचा आकडा दिलाय, त्याच्याशी ताडून बघा. अर्थात बाहेर पडल्यावर तो हवेत विरळ होतो म्हणून आपण जिवंत आहोत.

यंत्र कोणतं वापरायचं हेही ठरलं. मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने पसंत केलेलंच यंत्र चालेल. त्या संस्थांतली एक आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. एआरएआय, स्थापना १९६६. म्हणजे इंदापूरच्या टपरीतल्या यंत्राला कोणकोणत्या कसोट्यांना उतरावं लागतं, हे सांगणारी प्रयोगशाळा शे-दीडशे किलोमीटरवर.

एक त्रुटी मात्र पंधरा वर्षं राहिली. मोजायचा तो फक्त कार्बन मोनॉक्साइड. आता त्या काळातल्या रस्त्यावर काय होतं? टू-स्ट्रोक स्कूटर, टू-स्ट्रोक रिक्षा. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं पेट्रोल आत येतं तेव्हा धूर बाहेर जायचं भोकही उघडंच असतं. त्यामुळे पेट्रोलचा बराच मोठा हिस्सा न जळताच थेट बाहेर. तो निळसर धूर आणि तो वास ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. हा दोष हायड्रोकार्बनच्या आकड्यात दिसतो, आणि तो आकडा कुणी विचारतच नव्हतं! १ ऑक्टोबर २००४ पासून तो विचारला जाऊ लागला. जुन्या, म्हणजे मार्च २००० पूर्वीच्या दुचाकी-तीनचाकींना नऊ हजार पीपीएमची सवलत, नव्या फोर-स्ट्रोकला साडेचार हजार. नव्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्यावर आणि हायड्रोकार्बन साडेसातशेवर आणलं. पुढे भारत स्टेज चारच्या गाड्यांना हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम झाले.

डब्याच्या आत

आता झाकण उघडू. गॅस अ‍ॅनालायझरच्या आतला संगणक म्हणजे आपल्या टेबलावरचा नव्हे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशा उपकरणांसाठी ८०५१ घराण्यातल्या चिपा फार लोकप्रिय होत्या. इंटेलने १९८० मध्ये काढलेली मूळ ८०५१ म्हणजे आठ बिटांचं डोकं, आतमध्ये चार किलोबाइट प्रोग्रॅमला आणि खेळायला मेमरी फक्त १२८ बाइट. या परिच्छेदातली पहिली दोन वाक्यंसुद्धा त्यात मावणार नाहीत. पण एवढ्यावरही तो बिचारा काय काय करतो बघा.

आधी वॉर्म-अप. दिवा आणि सेल ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत काही मिनिटं तो कुणाला हात लावू देत नाही. मग पंप चालू करून, एक व्हॉल्व्ह फिरवून, कोळशाच्या फिल्टरमधून स्वच्छ हवा आत घेतो आणि म्हणतो, "हे माझं शून्य." मग गळती तपासतो. नळीचं तोंड बंद करायला लावतो. आतला दाब उतरून टिकला तर ठीक, नाही तर नळीला कुठेतरी चीर आहे. मग नळीत आधीच्या गाडीचं पेट्रोल चिकटून राहिलंय का ते बघतो. आदल्या रिक्षाचं पाप पुढच्या स्कूटरच्या माथी नको.

आता नळी सायलेन्सरमध्ये, निदान ३०० मिलिमीटर आत. धूर येतो तो गरम, ओला आणि काजळीने भरलेला. आधी पाण्याचा सापळा, मग फिल्टर, मग तो पोचतो त्या नळीवजा सेलमध्ये. लुफ्टच्या वायूभरल्या कप्प्यांऐवजी आता नखाएवढे फिल्टर आणि सेन्सर असतात: एक कार्बन मोनॉक्साइडचा, एक डायऑक्साइडचा, एक हायड्रोकार्बनचा, आणि चौथा चारच्या किंचित खालच्या मायक्रॉनवर, जिथे यांतला कुणीच किरण खात नाही. हा चौथा म्हणजे साक्षीदार. दिवा म्हातारा झाला, काच मळली, तर चौघांचाही प्रकाश कमी होणार. साक्षीदाराशी गुणोत्तर काढलं की मळाचा दोष वायूच्या खात्यावर जात नाही. दिवाही सतत जळत नाही, लुकलुकतो. उजेडातलं माप वजा अंधारातलं माप, म्हणजे आजूबाजूची उष्णता आपोआप बाद. हे सगळं वेळच्या वेळी करायला टायमरचा इंटरप्ट. प्रोग्रॅम कुठे अडकलाच तर त्याला टपली मारून पुन्हा सुरू करायला वॉचडॉग.

वायू दुप्पट झाला म्हणून शोषण दुप्पट होत नाही, ते वक्र रेषेने जातं. आठ बिटांच्या चिपला लॉगॅरिथम झेपत नाही. मग कारखान्यातच ज्ञात वायूंनी बिंदू मोजून तक्ता बनवायचा, तो मेमरीत ठेवायचा आणि दोन बिंदूंच्या मधलं उत्तर त्रैराशिकाने काढायचं. शाळेतलं त्रैराशिक असं कामी येतं! ऑक्सिजन मात्र अवरक्त किरणांना दाद देत नाही (टिंडलने सांगितलंच होतं), म्हणून त्याला वेगळी रासायनिक बॅटरीसारखी सेल. ती वर्षा-दोन वर्षांत संपते आणि बदलावी लागते.

अचूकतेची एक गंमत इथेच सांगतो. आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्या वर्गाच्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइडमध्ये ०.०६ टक्क्याची चूक माफ आहे. मर्यादा तीन टक्के होती तेव्हा ही चूक म्हणजे पन्नासावा भाग, कुणाच्या खिजगणतीत नाही. मर्यादा ०.३ झाल्यावर तीच चूक पाचवा भाग झाली. यंत्र तेच, पण न्याय करणं दहापट अवघड झालं. नियम कडक करताना काटाही तितकाच बारीक करावा लागतो, हे उसाच्या काट्यावर उभ्या राहणाऱ्याला वेगळं समजावून द्यायला नको.

ऊस मध्ये येतो

१९७९ मध्ये बॉश कंपनीच्या योहानेस ब्रेटश्नायडर यांनी एक सूत्र प्रसिद्ध केलं. धुरातले वायू मोजून इंजिनात हवा-पेट्रोलचं प्रमाण काय होतं ते उलटं काढायचं. या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा एक म्हणजे नेमकं प्रमाण, एकाहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त, एकाहून जास्त म्हणजे हवा जास्त. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर लॅम्डा एकच्या अगदी जवळ हवा, म्हणून नव्या पेट्रोल गाड्यांना इंजिन २,५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून लॅम्डाही तपासतात. एकच्या तीन शतांश अलीकडे-पलीकडे चालतं. जेवणाऱ्याची ढेकर ऐकून स्वयंपाकात मीठ किती होतं ते ओळखायचं, तसला प्रकार.

या सूत्रात इंधनाची जात आधीच गृहीत धरलेली असते: कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती. साध्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. इथेनॉलमध्ये मात्र वजनाने एक तृतीयांशाहून जास्त. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल २०२२ मध्ये झालं आणि २०२५ मध्ये वीस टक्के. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिश्रणाला हिशेबाने साडेतेराच्या आसपास. लॅम्डा एकच्या जवळ असेल तर सूत्रातला फरक किरकोळ राहतो, कारण हे आकडे अपूर्णांकाच्या वर आणि खाली दोन्हीकडे येतात. पण गाडीत काय होतं ते बघा.

जुन्या कार्बुरेटरच्या रिक्षाला आपल्या टाकीत काय आलंय हे कळायचा मार्ग नाही. जेट ठरलेलं, हवेची वाट ठरलेली. तिला वाटतं पेट्रोलच चाललंय. त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी हवेकडे झुकतं आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. म्हणजे शिवारातल्या उसाने रिक्षा पास होऊ शकते! नव्या गाडीचं वेगळं. तिच्या सायलेन्सरच्या नळीत झिर्कोनियाचा ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्वो गाडीत पहिल्यांदा बाजारात आणला. पेट्रोल जास्त झालं की साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की ०.१. आतला संगणक सेकंदातून अनेकदा हे बघतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा आलं, आणि बारामतीत तयार होणाऱ्या व्हेस्पातही कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलं. एकेकाळी जर्मन रसायन कारखान्यात चालणारी वायुपरीक्षा आता स्कूटरच्या पोटात बोटाएवढी होऊन बसली.

म्हणजे आता पीयूसीच्या टपरीत दोन संगणक समोरासमोर येतात. एक गाडीतला, एक डब्यातला, आणि मध्ये रबरी नळी.

गाडीतला संगणक खोटं बोलला तर?

बोलला. आणि त्याचा एक अंक पुण्यातही झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं, की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर आपली परीक्षा चालू आहे हे ओळखतं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करतं. रस्त्यावर आलं की नायट्रोजन ऑक्साइड कित्येक पट. हे उघडकीला आलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटामुळे. त्यांनी गॅस अ‍ॅनालायझर गाडीच्या डिकीत ठेवला आणि गाडी सरळ रस्त्यावर चालवली. भारतात एआरएआयने तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. आपण भारतीय नियम मोडलेले नाहीत असं म्हणत कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

यात आपल्या विषयाला लागून असलेली गोष्ट अशी: पीयूसीच्या यंत्राला हे कधीच सापडलं नसतं. डिझेल गाडीचा पीयूसी म्हणजे फक्त धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही. यंत्र खोटं बोलत नाही, पण जे विचारलं तेवढंच सांगतं.

नळीची दोन टोकं

गेल्या काही वर्षांत या डब्याभोवतीची तटबंदी वाढलीय. यंत्र ऑनलाइन झालं, निकाल थेट वाहन नोंदणीच्या माहितीशी जोडला गेला, गाडीचा फोटो काढणं आलं. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल रक्कम दहा हजारांवर नेली. जून २०२१ मध्ये देशभर एकच नमुन्याचं, क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र ठरलं, आणि पहिल्यांदाच नापास गाडीला कारणासकट नकाराची चिठ्ठी द्यायची पद्धत आली. माझ्या दृष्टीने ही चिठ्ठी सगळ्यात मोलाची. ज्या परीक्षेत नापासाचा कागदच छापलेला नव्हता, तिला परीक्षा कसं म्हणायचं?

पण इतिहासभर एक गोष्ट बघा. थरथरत्या काट्याचा घोटाळा संगणकाने बंद केला. हाताने लिहिलेल्या कागदाचा घोटाळा ऑनलाइन नोंदीने बंद केला. दर वेळी खोटेपणा एक पायरी बाहेर सरकला, आणि आता तो येऊन थांबलाय नळीच्या तोंडाशी. नळी सायलेन्सरमध्ये नीट तीनशे मिलिमीटर आत आहे, की नुसती टेकवलीय, की दुसऱ्याच गाडीत आहे? यावरही सॉफ्टवेअरकडे थोडं उत्तर आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड यांची बेरीज फार कमी आली तर समजायचं की नमुन्यात बाहेरची हवा मिसळलीय. युरोपीय नियमांत तर फोर-स्ट्रोकला ही बेरीज पंधरा धरून आकडा वर ओढायचं सूत्रच आहे. पण नळी दुसऱ्याच गाडीत असेल तर धूर अस्सलच असणार. डब्यातला संगणक वायू ओळखतो, गाडी ओळखत नाही.

आणि इथे पुन्हा काटा आणि फॅट मशीन आठवतात. उसाच्या काट्यावर दोन बाजू उभ्या असतात. वजन कमी दिसलं तर शेतकरी ओरडतो, जास्त दिसलं तर कारखान्याला टोचतं. दूध संस्थेतही तेच. दोघांचं हित एकमेकांविरुद्ध असतं, म्हणून यंत्रावर दोन डोळ्यांच्या जोड्या रोखलेल्या असतात. पीयूसीच्या टपरीत मात्र गाडीवाला आणि तपासणारा, दोघांनाही हवा असतो पासचाच कागद. ज्याचं नुकसान होणार तो तिथे हजरच नसतो. तो असतो बारामतीच्या बसस्टँडवर, रिक्षांच्या रांगेमागे दप्तर घेऊन उभा, त्याच्या नाकाची उंची सायलेन्सरच्या जरा वर. त्याच्या वतीने तिथे बोलणारा एकच, तो आठ बिटांचा संगणक.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवू. खरं माप रिक्षावाल्यालाही हवं असतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त याचा अर्थ पैसे देऊन घेतलेलं पेट्रोल अर्धवट जळून बाहेर चाललंय. एअर फिल्टर साफ केला, कार्बुरेटरचा स्क्रू नीट लावला, प्लग बदलला, की आकडा उतरतो आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. नापासाची चिठ्ठी ही खरं तर मेकॅनिकसाठी लिहिलेली चिठ्ठी आहे. ती फुकट मिळत असताना आपण ती टाळायला पैसे मोजतो, याला काय म्हणावं!

बारामतीत विजेवर चालणारी आपेही आता तयार होते आणि तिला पीयूसी लागत नाही. हळूहळू या डब्याचं काम कमी होत जाईल. पण रस्त्यावरच्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून बरीच वर्षं राहणार. तेव्हा पुढच्या वेळी पीयूसी काढाल तेव्हा कागद खिशात टाकायच्या आधी दोन आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साइड किती, हायड्रोकार्बन किती. गेल्या वेळचा कागद असेल तर शेजारी धरून बघा. आणि नळी किती आत गेलीय तिकडे एकदा नजर टाका, काट्यावर टाकता तशीच.